टवक्यामागची तालीम

ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला मराठीत आपण ‘दगड’ म्हणतो आणि जी गोष्ट मागास वाटते तिला ‘अश्मयुगीन’. दोन्ही शब्दांमागे समजूत एकच आहे: दगड मठ्ठ, आणि दगड हाताळणारा माणूसही जेमतेम बुद्धीचा. पुस्तकांतली चित्रे ही समजूत पक्की करतात. केस वाढलेला, कातडे गुंडाळलेला एक माणूस दोन धोंडे एकमेकांवर आपटतो आहे आणि त्यातून जे हाती येईल ते त्याचे हत्यार. या प्रकरणात मांडायचे आहे ते याच्या उलट. दगड नुसता आपटून हत्यार होत नाही. ते घडवावे लागते, आणि घडवायला शिकावे लागते. धारदार कपची एखाद्याला एकट्यानेही साधेल, पण हातकुऱ्हाड घडवण्याची किंवा लांब पाते काढण्याची विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याशिवाय टिकत नाही. प्राचीन वस्तीवर सापडणारा कपच्यांचा ढीग म्हणूनच माणसाच्या शिकण्या-शिकवण्याचा फार जुना पुरावा ठरतो. हे म्हणणे कितपत टिकते, त्यावर कोणते आक्षेप येतात आणि कुठे ते आवरते घ्यावे लागते, हे क्रमाने पाहू.

आधी दगड फुटतो कसा ते समजून घ्यायला हवे. काचेच्या तावदानाला बेचकीतला खडा बसला की मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा तुकडा उडतो. ज्या दगडाला आतून थर नाहीत, ज्याचे कण इतके बारीक आहेत की आघात सगळ्या दिशांना सारखा पसरतो, तो दगडही याच नियमाने फुटतो. फुटलेल्या पृष्ठावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशी वलये उमटतात, म्हणून खनिजशास्त्रात याला शंखाभ भंग म्हणतात. चकमक, चर्ट, अकीक, कॅल्सेडनी आणि ज्वालामुखीची काच म्हणजे ऑब्सिडियन हे असे दगड. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. गडकोट बांधायला तो उत्तम, पण वस्तऱ्यासारखी बारीक धार देण्यात कमी पडतो. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत मात्र अकीक आणि कॅल्सेडनी तयार झाली. ती नदीपात्रात गारगोट्यांच्या रूपाने मिळते, पण बहुधा मुठीत मावेल एवढीच. प्रवरेच्या काठच्या जुन्या हातकुऱ्हाडी काळ्या दगडाच्या व मोठ्या, आणि हजारो पिढ्यांनंतरची पाती कॅल्सेडनीची व बोटाएवढी, या फरकात दगडाचाही वाटा आहे. कारागिराची पहिली परीक्षा म्हणूनच दगड निवडण्याची. गोटा वाजवून पाहिला की सलग दगड खणखणतो आणि आत चीर असेल तर बद्द बोलतो. मडके वाजवून घेणाऱ्याला ही खूण वेगळी सांगायला नको.

आता एकच घाव जवळून पाहू. डाव्या हातात, किंवा मांडीवर जाड कातडे घालून त्यावर धरलेला दगड म्हणजे गाभा. उजव्या हातात अंड्याच्या आकाराचा, न फुटणारा गोटा. गाभ्याच्या ज्या काठावर घाव घालायचा तिथे वरची बाजू आणि समोरची बाजू यांच्यातला कोन काटकोनाहून लहान हवा. तो मोठा असेल तर कितीही जोर लावला तरी टवका सुटत नाही. घाव काठापासून काही मिलिमीटर आत बसला पाहिजे. अगदी काठावर बसला तर काठाचा नुसता भुगा होतो, फार आत बसला तर दगड दाद देत नाही किंवा दोन तुकडे होऊन हातात येतो. टवका नीट सुटला तर तो घावाच्या दिशेनेच जातो असे नाही. समोरच्या बाजूवर आधीच्या टवक्यांनी जो उंचवटा सोडलेला असतो, त्याच्या आधाराने तो खाली उतरतो. सुटलेल्या टवक्यावर घावाच्या बिंदूखाली छोटा फुगवटा राहतो आणि गाभ्यावर त्याचा खोलगट ठसा. जोर कमी पडला किंवा दिशा चुकली तर टवका मधेच तुटतो आणि गाभ्यावर पायरी पडते. पुढचा प्रत्येक टवका त्याच पायरीपाशी अडतो. शिकाऊ माणूस इथे चिडून त्याच जागी आणखी जोराने घाव घालतो आणि गाभा वाया जातो. सरावलेला माणूस थांबतो, दगड फिरवतो आणि दुसऱ्या बाजूने त्या पायरीखालचा भाग काढून घेता येतो का ते बघतो.

या एका घावात आपल्या युक्तिवादाचे बीज आहे. प्रत्येक टवका दोन कामे करतो: नको असलेला दगड काढतो आणि पुढच्या टवक्यासाठी कोन व उंचवटा तयार ठेवतो. बुद्धिबळात एक खेळी करताना पुढच्या दोन-तीन खेळ्या मनात असाव्या लागतात, तसे हे काम आहे. फरक एवढाच की इथे प्रतिस्पर्धी दगड आहे आणि गेलेला टवका परत लावता येत नाही. हातकुऱ्हाड म्हणजे दोन्ही बाजूंनी घडवलेले, टोकाकडे निमुळते होणारे, सर्वसाधारणपणे सममित हत्यार. केनियातल्या कोकिसेलेई इथे अशी हत्यारे सुमारे १७.६ लाख वर्षांपूर्वीची मिळाली आहेत. पुढच्या काळात ती पातळ आणि रेखीव होत गेली. पातळ करणे हीच खरी अवघड गोष्ट, कारण त्यासाठी टवका काठावरून निघून हत्याराच्या मध्याच्याही पुढे गेला पाहिजे. म्हणून कारागीर घाव घालण्याआधी काठ दगडाने घासून बोथट आणि भक्कम करतो, आणि गोट्याऐवजी हरणाच्या शिंगाचा दांडका वापरतो. शिंग थोडे दबते, काठाला क्षणभर धरून ठेवते आणि पातळ, पसरट टवका सोडवते. धार हवी असताना आधी ती मुद्दाम बोथट करायची, ही कल्पना हात आपटता आपटता सहज सुचणारी नाही.

याचा ठोस पुरावा आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यात इसामपूर नावाचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पड्डय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून काही वर्षे तिथे उत्खनन केले, तेव्हा आदिमानवाची दगडाची खाणच समोर आली. तिथल्या प्राण्यांच्या दातांवरून काढलेला काळ सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा येतो. इथला दगड म्हणजे सिलिकायुक्त चुनखडीच्या लाद्या, ज्यांना निसर्गतः चिरा पडलेल्या आहेत. माणसांनी त्या चिरांचा फायदा घेऊन लाद्या उचकटल्या. पातळ लादीला थोडे टवके काढून सरळ हातकुऱ्हाडीचा आकार दिला, आणि जाड लादीपासून आधी मोठे छिलके काढून त्यांची हत्यारे केली. जाडी पाहून पद्धत बदलायची, म्हणजे दगड हाती घेण्याआधी शेवटची वस्तू डोळ्यांसमोर हवी. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घाव घालायचे गोटे चुनखडीचे नाहीत. ते बेसाल्ट, क्वार्टझाइट आणि चर्टचे आहेत, म्हणजे ते दुसरीकडून इथे आणलेले आहेत. कोणता दगड फोडायचा आणि कोणत्या दगडाने फोडायचे, हे दोन्ही आधी ठरलेले होते. गाभे, अर्धवट राहिलेली हत्यारे, तयार हत्यारे आणि कपच्या हे सगळे एकाच जागी पडलेले असल्यामुळे कामाचा क्रम पायरीपायरीने लावता येतो.

अशा जागांवर अभ्यासकांचे सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे जुळणी. शेकडो कपच्या टेबलावर मांडायच्या आणि कोणती कपची कोणत्या ठशात बसते ते शोधत मूळ गोटा पुन्हा उभा करायचा. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या जुळवण्यासारखेच हे, पण इथे खापऱ्या उलट्या क्रमाने लावल्या की प्रत्येक घावाचा क्रम कळतो. केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोकालालेई इथे २३.४ लाख वर्षांपूर्वीच्या कपच्यांची अशी जुळणी हेलेन रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. एकाच गोट्यावरून एकामागून एक पुष्कळ कपच्या काढताना तिथल्या कारागिरांनी योग्य कोन शेवटपर्यंत सांभाळला होता. इथिओपियातल्या गोना इथली हत्यारे याहून जुनी, सुमारे २६ लाख वर्षांची. तुर्काना परिसरातल्याच लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांची, आपल्या प्रजातीच्या कितीतरी आधीची; ती मोठी आणि बोजड आहेत. इंग्लंडमध्ये बॉक्सग्रोव्ह इथे सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी कुणीतरी चकमकीची हातकुऱ्हाड घडवायला बसले आणि कपच्या जिथे पडल्या तिथेच राहिल्या. हा पुरावा ओळीने पाहिला की एक गोष्ट दिसते. कौशल्य एकदम आलेले नाही. ते काळाबरोबर चढत गेले आहे, आणि चढत जाणारे कौशल्य मागच्या पिढीकडून मिळालेल्या भांडवलावरच उभे राहते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानात कॅपुचिन माकडे क्वार्टझाइटचे गोटे दगडावर आपटतात आणि उडालेली भुकटी चाटतात. या आपटण्यातून ज्या कपच्या पडतात त्या आदिमानवाच्या कपच्यांसारख्याच दिसतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. २०२३ मध्ये थायलंडमधल्या लांबशेपटी माकडांबद्दलही असेच दिसून आले. ती ताडवर्गातल्या पामची फळे दगडाने फोडतात आणि त्यात दगडाचेही टवके उडतात. मग जुन्या कपच्याही अशाच अपघाताने उडाल्या नसतील कशावरून? या आक्षेपाने अभ्यासाला शिस्त लावली, हे मान्य केले पाहिजे. एकटी कपची हातात घेऊन ‘हे हत्यार’ म्हणण्याचे दिवस त्यामुळे गेले. पण आक्षेप किती दूर जातो तेही पाहावे. ही माकडे स्वतः पाडलेल्या कपच्या कापायला वापरताना दिसलेली नाहीत. त्यांच्या दृष्टीने कपची हा आपटण्याचा उपद्रव आहे. लोकालालेईच्या गोट्यावर कोन सांभाळून, दगड फिरवून, एकाच पृष्ठावरून पुन्हा पुन्हा कपच्या काढल्या आहेत, आणि जुन्या स्थळांवरच्या प्राण्यांच्या हाडांवर दगडी धारेच्या खुणा आहेत. अपघाताला क्रम नसतो. इथे क्रम आहे आणि त्या क्रमाला उपयोगही आहे.

कान्झी नावाच्या बोनोबोचे उदाहरण याच संदर्भात महत्त्वाचे आहे. बोनोबो म्हणजे चिंपांझीचा जवळचा भाऊबंद. अमेरिकेत निकोलस टॉथ आणि कॅथी शिक यांनी १९९० च्या सुमारास कान्झीसमोर दगड फोडून दाखवला. खाऊ ठेवलेली पेटी दोरीने बांधलेली होती आणि ती दोरी कापायला धार हवी होती. कान्झी शिकला. त्याला धारेची किंमत कळली, तो कपच्या करू लागला आणि दोरी कापून खाऊ मिळवू लागला. पण कितीही प्रयत्न झाले तरी कोन साधणे त्याला जमेना. फरशीवर दगड जोराने फेकून फोडणे त्याला सोपे वाटू लागले. त्याच्या गाभ्यांचे कोन बोथट राहिले, काठ चेचले गेले. म्हणजे धार हवी ही समज एका टप्प्यावर आहे, आणि घाव कुठे, कोणत्या कोनातून, कोणत्या क्रमाने घालायचा हे कसब त्याच्या वरच्या टप्प्यावर. गोनाच्या २६ लाख वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी हा दुसरा टप्पा ओलांडला होता.

दुसरा आक्षेप माझ्या मांडणीच्या थेट मुळावर येतो: शिकवणीची गरजच काय? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८४ माणसांना दगडाच्या कपच्या काढायला दिले. काहींना फक्त तयार कपच्या दाखवल्या, काहींना करणारा माणूस बघू दिला, काहींना हातवाऱ्यांनी शिकवले आणि काहींना बोलून. सहा हजारांहून अधिक कपच्यांचे मोजमाप झाले. नुसते बघून फारसा फायदा झाला नाही. शिकवल्यावर आणि विशेषतः बोलून शिकवल्यावर स्पष्ट सुधारणा झाली. पण २०२२ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी २५ माणसांना दगड, गोटे आणि एक बंद पेटी दिली. कपची कशी काढायची याचा एक शब्दही सांगितला नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतःहून दगड फोडून धार मिळवली आणि पेटी उघडली. हे दोन प्रयोग समोरासमोर ठेवल्यावर दावा आवरता घ्यावाच लागतो. पहिली कपची शिकवणीशिवाय सापडू शकते. पण हा दुसरा प्रयोग त्यापुढे जात नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या अभ्यासकांनी नवख्यांना हातकुऱ्हाड घडवण्याची तालीम दिली. शिकवणारा समोर, दगड मुबलक, आणि तरीही सुमारे ९० तासांच्या सरावानंतर त्यांना जाणकार कारागिराची पातळी गाठता आली नाही. कपची आणि हातकुऱ्हाड यांच्यातले अंतर ते हेच. स्वर लागणे आणि राग मांडणे यांत जे अंतर आहे, तसे.

काहींचे म्हणणे याच्या उलट आहे: हातकुऱ्हाड दहा लाखांहून अधिक वर्षे इतकी सारखी राहिली की ती शिकवणीने आलेली नसावी, सुगरण पक्ष्याचे घरटे जसे उपजत येते, तशी तीही आली असावी. दिसायला हा आक्षेप जोरकस आहे. पण बारकाईने पाहिले तर सारखेपणा आकारात आहे, वाटेत नाही. इसामपूरला पातळ लादीवरून थेट, जाड लादीवरून छिलका काढून; प्रवरेकाठी काळ्या दगडाच्या मोठ्या छिलक्यावर; बॉक्सग्रोव्हला चकमकीच्या गोट्यावर शिंगाने: दगड बदलला की वाट बदलते. हैदराबाद असो की नागपूर, पोळी गोलच असते. म्हणून काही ती लाटण्याची विद्या कुणी उपजत घेऊन येत नाही. शिवाय बदल थांबलाही नव्हता. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या थरांत सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि वरच्या थरांत सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी एक वेगळीच पद्धत रुळताना दिसली: गाभा आधी सर्व बाजूंनी तयार करायचा आणि मग एका घावात हव्या त्या आकाराचा छिलका उचलायचा. ज्या मद्रास परिसरात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ साली पल्लावरमला भारतातले पहिले ओळखलेले पुराश्मयुगीन हत्यार उचलले, त्याच परिसरात उपजतपणाच्या कल्पनेला छेद देणारा हा बदल नोंदला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शेवटचा आक्षेप पद्धतीचा आहे. आज दगड घडवून पाहणारे अभ्यासक जे करतात तेच आदिमानवाने केले, हे कशावरून? फ्रान्समध्ये फ्रांस्वा बोर्द आणि अमेरिकेत डॉन क्रॅबट्री यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात स्वतः हत्यारे घडवून हा मार्ग रूढ केला, आपल्याकडे ह. धी. सांकलिया यांनी १९६४ मध्ये दगडी हत्यारांची तंत्रे आणि नावे यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकच आकार दोन वाटांनी साधू शकतो, हे खरे आहे. म्हणूनच तुलना तयार हत्याराची न करता कचऱ्याची करतात. गोट्याने काढलेल्या कपचीवर फुगवटा ठळक असतो, शिंगाने काढलेल्या कपचीवर तो पसरट आणि काठाशी बारीकसा ओठ असतो. टोकाने दाबून काढलेल्या कपच्या आणखीच लहान आणि समांतर निघतात. प्रयोगातला कचरा जुन्या कचऱ्याशी जुळला नाही तर ती वाट बाद होते. प्रयोग इथे पुरावा ठरत नाही, तो पुराव्याची कसोटी ठरतो. आणि काही ठिकाणी प्रयोगाचीही गरज नाही, कारण परंपरा अजून जिवंत आहे.

गुजरातमधले खंबात हे असेच ठिकाण. राजपीपळ्याच्या बाजूच्या रतनपूरच्या खाणींतून अकीकाचे गोटे इथे येतात. मूळचा हा अकीकही आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातलाच. गोटे उन्हात सुकवून मडक्यांत घालून मंद आगीवर तापवतात. त्याने रंग लालसर होतो आणि दगड फुटायलाही सोपा होतो. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंटच्या गुहेत माणसे हजारो पिढ्यांपूर्वी दगड असाच तापवत होती. खंबातचा कारागीर जमिनीत तिरकी रोवलेली, वर टोक असलेली लोखंडी सळई समोर ठेवून बसतो. गोट्याचा काठ तो त्या टोकाला टेकवतो आणि बारीक, लवचीक दांड्याच्या शिंगाच्या मोगरीने गोट्याला ठोका देतो. ठोका वरून, पण टवका सुटतो तो सळईच्या टोकापाशी, उलट आघाताने. गोटा बोटांत फिरत राहतो आणि पाहता पाहता त्याची चौकोनी काडी होते, तिचा मणी होतो. व्हॅलेंटाइन रू आणि ब्लांदीन ब्रिल या अभ्यासकांनी मोगरीला तिच्या वेगातला बदल मोजणारे यंत्र जोडून निष्णात आणि साधारण कारागिरांची तुलना केली. निष्णात कारागीर दगडाऐवजी काच दिली की ठोक्याचा जोर लगेच बदलून घेत. साधारण कारागिरांना ते तसे साधत नव्हते. कामाचा क्रम दोघांनाही पाठ होता, फरक हाताच्या जाणकारीत होता. हे ज्ञान शब्दांत सांगून संपत नाही. ते वडीलधाऱ्यांशेजारी बसून, वर्षानुवर्षे चुकत, बोटांत मुरवावे लागते. हडप्पा संस्कृतीतले लाल मणी या प्रदेशातही घडत आणि लोथलला मणी घडवण्याची जागा उत्खननात सापडली आहे. इथल्या टवक्यांचा वारसा चार हजार वर्षे मागे जातो.

हीच गोष्ट न्यू गिनीतल्या लांगडा गावात दिसते. तिथे दगडी वाकस घडवणाऱ्यांकडे शिकाऊ तरुण पाच वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ घालवतात असे डीट्रिश स्टाउट यांनी नोंदवले. फ्रान्समध्ये एत्योल इथे हिमयुगाच्या अखेरच्या वस्तीत चुलीजवळ सुरेख, लांब पाती काढलेले गाभे पडलेले आहेत आणि चुलीपासून दूर चुकलेले, अडखळलेले, घाव वाया गेलेले. जाणते आत, शिकणारे बाहेर. मांडीला मांडी लावून नव्हे, पण नजरेच्या टप्प्यात. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या लोकांतला शेवटचा माणूस, ज्याला इशी हे नाव मिळाले, १९११ मध्ये ओरोव्हिल इथे बाहेरच्या जगात आला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने सान फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात लोकांसमोर बाटलीच्या काचेचीही बाणाग्रे घडवली. नंतर स्टीव्हन शॅकली यांनी ती तपासली, तेव्हा त्यांना ती याहींपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी लोकांच्या बाणाग्रांशी अधिक जुळतात असे वाटले. हा निष्कर्ष बरोबर असेल तर इशीच्या हातात त्याला शिकवणाऱ्याचे घराणे बोलत होते. गाणाऱ्याच्या एका तानेवरून घराणे ओळखणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटू नये.

महाराष्ट्रात ही विद्या तांबे आल्यावरही मोडीत निघाली नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या त्या शेतकऱ्यांना तांबे माहीत होते, पण रोजची कापणी-चिरणी कॅल्सेडनीच्या पात्यांनी होई. ती पाती काढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. गाभ्याच्या एका बाजूला आलटून पालटून छोटे टवके काढून कोंबड्याच्या तुऱ्यासारखी सरळ कड तयार करायची. पहिला लांब टवका त्या कडेवरून उतरतो, आणि तो उतरला की मागे दोन समांतर रेषा सोडून जातो. पुढचे प्रत्येक पाते त्या रेषांच्या आधाराने सुटते. एक नीट तयार केलेली कड म्हणजे पुढच्या कितीतरी पात्यांची वाट. तांब्याच्या शेजारी ही पाती टिकली, कारण ती स्वस्त, धारदार आणि बदलायला सोपी होती. ‘दगड गेला आणि धातू आला’ असे आपण शिकतो, पण खेड्यातला माणूस दोन्ही वापरत राहिला, ज्याचे काम त्याला.

या विद्येची किंमतही सांगायला हवी. अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते, आणि खंबातच्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा आजार वैद्यकीय अभ्यासांत वारंवार नोंदला गेला आहे. तो बरा होत नाही. हौसेने दगड घडवणाऱ्यांनीही उघड्यावर बसावे, डोळे आणि नाक झाकावे आणि आपल्या कपच्या गोळा करून ठेवाव्या, कारण नदीकाठी टाकलेला आजचा टवका उद्याच्या अभ्यासकाला फसवू शकतो. जुन्या स्थळावरचे हत्यार उचलून घरी आणणे तर दुहेरी नुकसान आहे. जागेवरून हललेली कपची तिच्या शेजारणींपासून तुटते, आणि शेजार तुटला की जुळणीही तुटते.

म्हणूनच संग्रहालयातल्या रेखीव हातकुऱ्हाडीइतकेच लक्ष एखाद्या वाया गेलेल्या गाभ्याकडे द्यावे. त्यावर एकाच जागी तीन-चार घाव एकावर एक बसलेले असतात, टवका प्रत्येक वेळी त्याच पायरीपाशी अडलेला असतो, आणि शेवटी तो गाभा टाकून दिलेला असतो. हाताला अजून कोन कळलेला नव्हता, एवढेच ती पायरी सांगते. पण त्याच वस्तीवर चुलीपाशी लांब, सरळ पाती निघालेले गाभेही पडलेले असतात. एकाच जागी हे दोन्ही सापडणे हाच आपला पुरावा: कुणीतरी चुकत होते, आणि जवळच कुणीतरी होते ज्याला चूक दुरुस्त करता येत होती. आपण ज्याला ‘दगड’ म्हणतो, त्याच दगडाने माणसाला हे शेजारी बसणे शिकवले.